तगाद्यापासून वसुली दाखल्यापर्यंत



गेल्या भागात आपण बचत गटातल्या थकलेल्या हप्त्यांबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, की गटाचं समजलं, पण मुंबई-पुण्याला मुलानं किंवा दिरानं घेतलेल्या फ्लॅटचं काय? तिथं दर महिन्याला 'मेंटेनन्स' मागतात. नाही भरला की नोटीस येते, आणि कधीकधी ती थेट गावच्या पत्त्यावर येते. घर आपलं, कर्ज फिटलेलं, मग हे पैसे कसले? आणि एखाद्यानं नाहीच भरले तर बाकीचे काय करू शकतात?

म्हणून आज आम्ही इतिहास सांगायला बसलोय. राजेरजवाड्यांचा नाही, वर्गणी बुडवणाऱ्यांचा. चार घरं एकत्र आली की सामाईक खर्च आला. सामाईक खर्च आला की त्यातला आपला वाटा न देणारा एखादा असतोच. त्याच्याशी कसं वागायचं, हा प्रश्न आपल्या मुलखाला काही नवीन नाही.

जुन्या काळी गावाचे दोन भाग मानत. शेतीची ती काळी आणि घरांची ती पांढरी. पांढरीवर ज्याचं घर, त्याच्यावर गावाचे काही देणे बसत. सरकारचा सारा वेगळा. त्याशिवाय गावाचा स्वतःचा खर्च असे: देवाचा उत्सव, आल्यागेल्या पाहुण्याची आणि कामगाराची सोय, चावडीचं काम. त्याला गावखर्च म्हणत. पाटील तो घरोघर वाटून देई आणि कुळकर्णी वहीत मांडून ठेवी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांचं बलुतं खळ्यावरच धान्याच्या रूपात निघे. बलुतं बुडवलं की पुढच्या हंगामात नांगराला फाळ बसवायला लोहार यायचा नाही. वसुलीची ही सर्वांत सोपी रीत होती, ना चिठ्ठी ना चपाटी.

पण इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही रीत ज्याच्या हातात काम थांबवण्याची ताकद होती त्याच्यापुरती होती. महार वतनदारांना गावाची आणि सरकारची कामं करायलाच लागत. निरोप नेणं, राखण करणं, मेलेलं जनावर ओढणं, सगळं. त्याबदल्यात पदरात पडायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. काम थांबवायची सोय नव्हती. म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायदा सुधारायचं विधेयक आणलं. ही वतनं पुढं १९५८ च्या कायद्यानं गेली. थकबाकीदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गरीब माणूस येतो. गावाच्या इतिहासात मात्र सर्वांत मोठी थकबाकी मोठ्या वाड्यांचीच होती आणि ती कोणत्याच वहीत लिहिलेली नाही.

आता तगादा. हा शब्द आपण रोज वापरतो. 'तगादा लावू नकोस' असं पोराला म्हणतो. मूळ फारसी तकाझा, म्हणजे मागणी. पेशवाईच्या काळात हा देणं वसूल करायचा राजमान्य मार्ग होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा इंग्रज अधिकारी दख्खनचा कमिशनर झाला. त्यानं १८१९ साली या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल लिहिला. त्यात पंचायतींबरोबर या तगाद्याचंही वर्णन आहे. सुरुवात साधी व्हायची. घेणेकरी दारात यायचा, पुन्हा पुन्हा मागायचा. मग दारात माणूस बसवायचा. मग देणेकऱ्याला घराबाहेर पडू द्यायचं नाही, जेवू द्यायचं नाही. फारच झालं तर त्याला बांधून ठेवायचं किंवा डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभं करायचं. आणि हे सगळं घेणेकरी स्वतःच करायचा. तो सरकारकडं जायचा नाही आणि सरकारही मध्ये पडायचं नाही.

तगाद्याचाच एक भाऊ म्हणजे धरणं. घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा. तो बसलाय तोवर घरातल्यांनीही जेवायचं नाही, असा संकेत. बसणारा ब्राह्मण असला तर दहशत जास्त, कारण तो दारात मेला तर ब्रह्महत्येचं पाप घरावर. कल्पना करा, पुरुषाचं देणं आणि आत चूल बंद. पोरांना घेऊन उपाशी बसायची ती घरातली बाई. तिनं कर्ज काढलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. आम्ही हा इतिहास वाचला तेव्हा सर्वांत आधी ही चूलच नजरेसमोर आली. अहवाल लिहिणाऱ्यानं तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

इंग्रजांनी हे बंद करायचं ठरवलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ आलं. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करून घेणं हा गुन्हा ठरला, आणि त्या कलमाखाली जे उदाहरण छापलंय तेच मुळी दारात धरणं धरून बसणाऱ्याचं आहे. म्हणजे ही रीत किती पसरलेली असेल बघा.

तगादा गेला आणि कोर्टाचा कागद आला. तो जास्त सौम्य होता असं मात्र समजू नका. सावकार शहरातल्या कोर्टात दावा लावायचा, शेतकऱ्याला पत्ताही नसायचा, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जमीन जायची. त्यातूनच १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात दंगा उसळला. पुढं गावोगाव लोकांनी सावकारांची घरं गाठून कर्जरोखे मागितले आणि जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग निघाला. सरकारनं चौकशी केली, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि सावकाराला पर्याय म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

या १९०४ च्या कायद्यातली एक गोष्ट गटातल्या बायकांना लगेच ओळखीची वाटेल. गावातल्या पतसंस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद होती. एकानं बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. त्यामुळं कर्ज द्यायच्या आधीच सगळे एकमेकांना पारखून घेत. दगड नको, धरणं नको, कोर्टही नको. शेजारच्याला आपली चिंता असते आणि आपल्याला शेजारच्याची, ह्याच्यावर सगळा डोलारा. आपल्या गटाचं चाक आजही ह्याच आसावर फिरतं.

१९१२ साली कायदा बदलला आणि कर्जाशिवाय दुसऱ्या कामासाठीही सहकारी संस्था काढायची मुभा मिळाली. आता गोष्ट घरांकडं वळते.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. दाट वस्तीच्या, काळोख्या खोल्यांत माणसं पटापट मेली. १८९८ मध्ये सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं जुनी घरं पाडली, नवे रस्ते आखले. गावदेवीकडचा भागही त्यातलाच. पण नोकरीसाठी गावाकडून आलेल्या कारकुनानं राहायचं कुठं? घरमालक भाडं वाढवत होते.

कारवार-कानडा भागातून आलेल्या सारस्वत मंडळींत श्रीपाद सुब्राव तालमकी नावाचे एक गृहस्थ होते. १९०६ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं, म्हणजे शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावानं, एक सहकारी पतपेढी काढली होती. तीच पुढं शामराव विठ्ठल बँक झाली. त्याच तालमकींच्या पुढाकारानं १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. मुंबईतली ही पहिली गृहनिर्माण सोसायटी.

तिची रचना नीट बघण्यासारखी आहे. इमारत कुणा एकाची नव्हती आणि खोल्याही कुणाच्या मालकीच्या नव्हत्या. सगळं सोसायटीचं. सभासद शेअर घ्यायचा आणि सोसायटीलाच दर महिन्याला भाडं द्यायचा. म्हणजे तो भाडेकरू, आणि शेअरमुळं मालकांपैकीही एक. त्या भाड्यातून कर्जाचे हप्ते जात आणि दुरुस्ती होई. भाडं थकवलं तर तुम्ही परक्या घरमालकाला नाही, स्वतःच्याच संस्थेला फसवताय, हे सगळ्यांना सरळ दिसत होतं.

हे चाललं का? चाललं. पण कशामुळं चाललं तेही बघायला हवं. सगळे एका भागातले, एका मठाचे, एकमेकांच्या नात्यातले. पतपेढी तीच, लग्नं त्यांच्यातच. अशा ठिकाणी भाडं थकवून जाणार कुठं? एखाद्याची नोकरी गेली तर चार जण मदतीलाही येत असतील. ही ऊब खरी. पण ती भिंतीच्या आतल्यांसाठी होती. त्यानंतर मुंबईत जातीच्या, समाजाच्या नावानं सोसायट्या निघाल्या आणि 'आमचेच लोक पैसे वेळेवर भरतात' हे बाहेरच्याला घर नाकारायचं एक सोयीचं कारण होऊन बसलं. आजही एकट्या बाईला, मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला शहरात घर शोधताना हे कारण वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतं. वक्तशीर वर्गणीची ही किंमत आम्हाला फार जास्त वाटते.

मुंबई प्रांतानं १९२५ साली आपला सहकार कायदा केला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६० चा सहकारी संस्था कायदा आला. तो २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. त्याच सुमाराला शहरात आणखी मोठा बदल घडत होता. भाड्याच्या खोल्या मागं पडल्या आणि बिल्डर मालकीचे फ्लॅट विकायला लागले. त्यात फसवणूक एवढी वाढली की १९६३ मध्ये सरकारला मालकी हक्काच्या फ्लॅटांसाठी वेगळा कायदा करावा लागला. लोक त्याला मोफा म्हणतात. १९७० साली अपार्टमेंट मालकीचा कायदा आला.

मालकी आली आणि वर्गणीचा अर्थच पालटला. गावदेवीच्या भाडेकरूला माहीत होतं, की हे घर सगळ्यांचं. मालकी फ्लॅटवाला म्हणतो, दार लावलं की आतलं माझं. मग जिना कुणाचा? गच्ची कुणाची? पाण्याची टाकी, पंप, ड्रेनेजची पाइप, रात्रीचा दिवा, वॉचमन? पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, मी लिफ्ट वापरतच नाही. गावी राहणारा म्हणतो, माझ्या घराला वर्षभर कुलूप आहे, मी पाण्याचा थेंब वापरला नाही. ऐकायला अगदी रास्त वाटतं. १९७० च्या कायद्यानं मात्र याचं उत्तर स्वच्छ देऊन ठेवलंय: सामाईक सोयी मी वापरत नाही म्हणून, किंवा मी घर सोडून गेलो म्हणून, सामाईक खर्चातला वाटा चुकत नाही. उलट थकलेल्या रकमेचा बोजा त्या अपार्टमेंटवरच चढतो. सरकारी आणि म्युनिसिपालटीचे कर आणि पहिलं गहाण सोडलं तर बाकी सगळ्यांच्या आधी तो फेडावा लागतो.

यात न्याय आहे का? आम्हाला वाटतं, आहे. छत गळलं तर ते कुलपाच्या घरावरही गळतं. आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्याच पैशातून न भरणाऱ्याचं घर उभं राहतं, घराची किंमतही वाढते. मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत मोठी थकबाकी दुसरं घर म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांचीच असते, हे तिथं कामाला जाणाऱ्या आपल्याच मैत्रिणी सांगतात. वाड्यांची ती जुनी गोष्ट इथंही आहेच.

सोसायटीचं बिल हातात पडलं तर ते कसं वाचायचं, हेही सांगून टाकतो. सोसायट्यांसाठी सरकारनं आदर्श उपविधी करून दिलेत. घराचा कर ज्याचा त्याला. पाणी नळांच्या संख्येवर. वॉचमन, सफाई, ऑफिस, सामाईक दिवे यांचा खर्च म्हणजे सेवाशुल्क, तो मात्र सगळ्यांना सारखा, फ्लॅट लहान असो की मोठा. यावर भांडण हायकोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टानंही सारखाच वाटा योग्य धरला. आपल्या पंचायतीत घरपट्टी घर बघून लागते, त्यामुळं आपल्याला हे जरा खटकतं. पण वॉचमन मोठ्या घराची जास्त राखण करतो असं थोडंच आहे? अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींत मात्र हिशेब वेगळा, तिथं ज्याचा त्याचा टक्का ठरलेला असतो. सोसायटीच्या बिलात याशिवाय दुरुस्ती निधी असतो, बांधकामाच्या खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, आणि पुढच्या मोठ्या कामासाठीचा निधी किमान पाव टक्का.

थकलं तर व्याज लागतं. उपविधीत ते जास्तीत जास्त २१ टक्के, सरळव्याज. गटातल्या हिशेबाच्या सवयीनं मांडून बघा. महिन्याला १,००० रुपये बिल आणि तीन वर्षं काहीच भरलं नाही. मुद्दल झाली ३६,०००. पहिलं बिल ३५ महिने थकलं, दुसरं ३४, असं करत सगळे महिने मिळून ६३० होतात. हजाराला महिन्याचे साडेसतरा रुपये, म्हणजे व्याज ११,०२५. एकूण ४७,०२५. म्हणूनच गावच्या पत्त्यावर येणारा आकडा बघून छाती दडपते. कुणी व्याजावर व्याज लावलं असेल तर तेही या हिशेबात लगेच पकडता येतं.

घर भाड्यानं दिलं असेल तर 'बिगर-वास्तव्य शुल्क' म्हणून आणखी एक रक्कम असते. पूर्वी सोसायट्या ती मनाला येईल तेवढी लावत. गैरहजर मालकावर सूड उगवायचा तो एक मार्गच झाला होता. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानं तिला चाप बसला: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. २००७ मध्ये हायकोर्टानंही ती मर्यादा उचलून धरली. आणि घरात मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं, भाऊ, बहीण असं जवळचं माणूस राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही.

आता मूळ प्रश्न. कोणी भरतच नसेल तर सोसायटी काय करू शकते? १९६० च्या कायद्यात कलम १०१ आहे. हे मुळात शेतीकर्जाच्या वसुलीसाठी होतं. आपल्या गावातल्या विकास सोसायटीनं या कलमाची नोटीस काढलेली बऱ्याच जणींनी पाहिली असेल. पुढं गृहनिर्माण सोसायट्यांची थकबाकीही त्याखाली आली. २०१९ साली कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं, त्यात वसुलीची तरतूद १५४-ब-२९ या क्रमांकानं आहे. वाट तीच. सोसायटीनं आधी लेखी मागणी करायची, मग उपनिबंधकाकडं अर्ज करायचा. थकबाकीदाराला म्हणणं मांडायची संधी मिळते. मग निबंधक वसुली दाखला देतो. त्यावर वसुली अधिकारी जप्ती आणू शकतो, आधी सामानावर आणि शेवटी फ्लॅटवरही. दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी अर्धी रक्कम भरावी लागते. म्हणून सुनावणीच्या नोटिशीला जाणं फार महत्त्वाचं. 'आम्ही गावी होतो' हे नंतर सांगून उपयोग होत नाही. सुप्याचा तो एकतर्फी हुकूमनामा आठवा.

थकबाकीदाराला कमिटीवर बसता येत नाही. लेखी मागणी मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत की अपात्र. आपल्या ग्रामपंचायत कायद्यातही हेच आहे. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल बजावल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्यपद जातं. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, आणि फॉर्म भरताना बायकांच्या वाटेत घरच्या पट्टीची थकबाकी आडवी येते हे आपण दर निवडणुकीला बघतो. पट्टी कोण भरतं, पावती कुठं ठेवतात, हे घरातल्या पुरुषालाच माहीत असतं.

काय करता येत नाही, तेही सांगायला हवं. पाणी तोडता येत नाही. वीज तोडता येत नाही. मोफाच्या १२-अ कलमात इमारतीचा कारभार बघणाऱ्यांना, मग ते कमिटी मेंबर असोत की सेक्रेटरी, आवश्यक सोयी बंद करायला मनाई आहे. तरी सोसायट्या करतात. लिफ्टचं कार्ड बंद करतात, घरकामाच्या बाईला गेटवर अडवतात, फलकावर नावं लावतात. हा तगादाच की! फक्त दारातला शिपाई जाऊन त्याच्या जागी मशीन आलंय. आणि पुन्हा, पाणी बंद झालं की हंडा घेऊन खाली उतरणारी घरातली बाईच असते.

गावातही याचा भाऊबंद आहे. वाळीत टाकणं. देवळाची वर्गणी दिली नाही, गावकीचा दंड भरला नाही, म्हणून घर वाळीत. कोकणातल्या काही गावांतून अशा तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. कुणी बोलायचं नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, लग्नाला जायचं नाही. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला, कारण धार्मिक समाजाच्या हक्काचा प्रश्न आला. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ गेला. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचायतीची पट्टी हा कर आहे, तो कायद्यानं वसूल होतो. जत्रेची वर्गणी हा कर नाही. ती मागता येते, वसूल करता येत नाही. या दोन्हींत गल्लत करून कितीतरी घरं एकाकी पडली.

शेवटी शहरातल्या त्या घरांबद्दल बोलू, जिथं आपली माणसं सर्वांत जास्त आहेत. १९९५ पासून मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. झोपडीच्या बदल्यात २२५ फुटांचं घर फुकट. पुढं ते २६९ आणि मग ३०० फूट झालं. घर फुकट मिळालं, पण बिल्डिंग फुकट चालत नाही. झोपडीत लिफ्ट नव्हती, पंप नव्हता, सामाईक मीटर नव्हतं. हे सरकारच्याही लक्षात होतं, म्हणून बिल्डरनं दर घरामागं २०,००० रुपये देखभालीसाठी जमा करायचे असा नियम होता. आता मांडा हिशेब. २०,००० वर वर्षाला सहा टक्के धरले तर १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १००. शंभर रुपयांत उंच इमारतीची लिफ्ट चालते का? पुढं ही रक्कम दुप्पट झाली, तरी हिशेब जमत नाही. लिफ्ट बंद पडते, आठव्या मजल्यावर पाणी वाहावं लागतं, लोक म्हणतात सोय नाही तर पैसे कशाचे, आणि पैसे नाहीत म्हणून सोय नाही. अशा ठिकाणी वसुली दाखला घेऊन काय जप्त करणार? काही इमारतींत बायकांनीच महिन्याऐवजी आठवड्याला थोडे थोडे पैसे गोळा करायला सुरुवात केली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला महिन्याचे एकदम जड जातात, आठवड्याचे जमतात. ही युक्ती कोणत्या उपविधीत नाही, ती बचत गटातून आली.

आणि गिरणीची घरं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुढं सुरळीत चालल्याच नाहीत, कामगार सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाला परतले. म्हाडानं २०१२ पासून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती काढल्या. तोवर कितीतरी कामगार राहिले नव्हते. घर लागलं ते वारसाला, बऱ्याच ठिकाणी विधवा बाईला. ती गावी, घर मुंबईत, आणि बिल चालू. नवरा सभासद असताना गेला असेल तर नामनिर्देशनात जिचं नाव आहे तिला सोसायटीनं 'तात्पुरती सभासद' करून घ्यायचं असतं, कायदेशीर वारस ठरेपर्यंत. तेवढ्या काळातली थकबाकीही घरावर राहतेच, म्हणून अर्ज लवकर करावा.

पुनर्वसनाच्या घराबाबत एक नियम मैत्रिणींना माहीत हवा. ते घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, आणि सोसायटीच्या दफ्तरात आणि शेअर सर्टिफिकेटवरही दोघांची नावं लिहायची असतात. थकबाकीची नोटीस दोघांना लागते, तशी सुनावणीतली खुर्चीही दोघांची. ज्यांचं असं घर आहे त्यांनी पुढच्या वेळी मुंबईला गेल्यावर सर्टिफिकेट मागून घ्यावं, आपलं नाव आहे का ते बघावं, आणि नसेल तर सेक्रेटरीकडं लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.